देठासकट तुती

वहदत, ४ ऑक्टोबर

लाला,

सलाम. आज दिवसभर वारा होता. सकाळी बटाटा भरून बोलानी लाटल्या, भाजून दुकानात पोचवल्या, येताना पीठ आणि बटाटे घेतले. दुपारी वीज गेली ती संध्याकाळी आली. आपला धाकटा तमीम बाजारात हमालीला गेला होता, तो दुपारीच परत आला. दुसरं काही घडलं नाही.

काल मात्र घरी दोन बायका आल्या होत्या. इथल्या दवाखान्यात एका संस्थेने एक खोली घेतली आहे. मोहिरा नावाची ताजिक बाई तिथे मनाच्या दुखण्याचं बघते. बुधवारी आपल्याकडच्या, सीमा ओलांडून आलेल्या बायका तिच्याकडे जाऊन बसतात. निमित्त शेगडीचं, कारण तिथे शेगडी चांगली आहे. ती आणि तिची एक मदतनीस आमच्या गल्लीत घरोघर प्रश्न विचारत फिरत होत्या. झोप लागते का, दचकून जाग येते का, जुनं काही डोळ्यांसमोर येतं का, जगणं नकोसं होतं का.

आदल्या दिवशी हाजी यासीन प्रत्येक दारात येऊन गेले होते. ते गल्लीतले सर्वांत वडीलधारे, सगळे त्यांचं ऐकतात. ते म्हणाले, "पोरींनो, सगळ्याला नाही म्हणायचं. झोपेला तेवढं हो म्हणायचं, नाहीतर गोंधळ कराल." मागच्या वर्षी एका कुटुंबाची कॅनडाची फाइल वैद्यकीय तपासणीनंतर अडली. त्या घरच्या मुलाचं डोक्याचं काहीतरी निघालं, असं सगळे म्हणतात. तेव्हापासून इथे कोणाला डोकेदुखीही होत नाही.

आम्हीही तसंच सांगितलं. मी आधी, मग तमीमने. शेवटच्या प्रश्नाला त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नाही म्हणाला.

लाला, तुम्ही मोठे भाऊ, तुम्हाला खरं सांगते, कारण दुसरं कोणी नाही. तमीम बूट घालून झोपतो. नाड्या बांधून. गादी मळू नये म्हणून मी त्याच्या पायाखाली जुनी चादर घालते. रस्त्यावर गाडी थांबली की तो उठून दाराशी उभा राहतो. त्याच्या कचेरीतून सोबतीच्या फरीदला बंदूकवाल्यांनी उचलून नेलं तेव्हा हा शेजारच्या टेबलाशी होता. त्याबद्दल एक शब्द बोलत नाही. काल मोहिरा समोर बसली होती तेव्हाही तो बूट घालूनच गालिच्यावर बसला होता. तिने पाहिलं. मी म्हटलं, मोजे फाटलेत, लाजतो. ती म्हणाली, "माझा नवरा फाटके मोजे घालून लग्नाला जातो." आणि हसली. पण कागदावर काही लिहिलं नाही.

आमची कॅनडाची फाइल पुढे सरकली आहे असं ऐकते. मुलाखत झाली की तिकडे चांगले डॉक्टर मिळतील. तोवर तो टिकला पाहिजे, एवढंच मी बघते.

बोबोला यातलं काही वाचून दाखवू नका, आईचं मन आहे. फोन केला की तुम्ही म्हणता बोबो झोपली आहे. एकदा तिला उठवा. तमीमला तिचा आवाज ऐकायचा आहे.

खातिरा


कुंदूज, २४ मीज़ान

खातिरा जान,

तुझं पत्र ट्रकवाल्या खलीफा दौलतने ट्रकमधल्या सिमेंटच्या पोत्याखालून काढून दिलं. आधी झटकलं, मग वाचलं. तू तिकडे जाऊन ऑक्टोबर लिहायला लागलीस. इकडे अजून मीज़ानच चालू आहे. थोड्या दिवसांनी लालालाही रशियन नाव ठेवशील.

आम्ही सगळे बरे आहोत. तांदूळ कापून झाला. दुकानात बियाणं पडून आहे, लोक भाव विचारतात आणि चहा पिऊन जातात. तुझी वहिनी परवीन म्हणते की दुकानापेक्षा समोवर जास्त चालतो, तर समोवरच विकू.

फोनचं असं आहे की बोबोचे कान गेले. फोन कानाला लावला की ती आपलंच बोलत राहते आणि मग रडते. तिला त्रास होतो म्हणून देत नाही. शिवाय नाक्यावर फोन तपासतात, तुमचा नंबर त्यात असलेला बरा नाही. पत्रच बरं. तुमची खुशाली मी तिला सांगतो. ती म्हणाली, धाकट्याला झोपताना गरम दूध द्या.

तुझे हाजी शहाणे आहेत. तमीमचं बाहेर कुठे बोलू नकोस. तो लहानपणापासून हळवा. कोंबडी कापली तरी तीन दिवस जेवायचा नाही, आणि चौथ्या दिवशी दुप्पट जेवायचा. फरीदचं त्याला लागलं आहे, मला माहीत आहे. पण ज्याची फाइल अर्ध्या वाटेवर आहे त्याने आजारी पडायचं नसतं. त्याला कामाला लाव, रिकामं बसू देऊ नकोस. पीराच्या मज़ारीवरून ताईत आणला आहे, सोबत पाठवतो. उशीखाली ठेव.

बुटांचं मला कळत नाही. माझे देऊ का त्याला, मोठे आहेत, निदान रात्री पाय मोकळे राहतील.

नूर आगा


वहदत, ३० ऑक्टोबर

लाला,

तुमच्या पत्राला कांद्याचा वास होता. तमीम म्हणाला, "लाला रडत रडत लिहितात की काय?" तो हसला म्हणून मला बरं वाटलं.

ताईत उशीखाली ठेवला आहे.

इथे एक गोष्ट झाली. मोहिराची खोली बंद होणार. ती परवा सांगायला आली होती. मी चहा ठेवला. तिने बाहेरूनच गल्ली न्याहाळली, मग बसली. म्हणाली की आमच्या गल्लीची उत्तरं घेऊन ती वरच्या साहेबांकडे गेली. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, ही माणसं तर आपल्याहून बरी आहेत, इथे खोली कशाला. आता ते पैसे दुसऱ्या जिल्ह्यात जातील. तिची बदली शहरातल्या मोठ्या इस्पितळात.

मग ती मला म्हणाली, "आपा, एका घरात ताप आला तर मी गोळी देते. प्रत्येक घरात आला तर गल्लीचं पाणी तपासते. मी पाणी तपासायला आले होते. तुमच्याकडे तर एकालाही ताप नाही. सगळी गल्ली शांत झोपते. माझ्या नवऱ्याला झोप लागत नाही, आणि तो इथेच जन्मला."

मी खाली पाहिलं. तिने दुसरा पेला मागितला. मग म्हणाली की मनाच्या दुखण्यावरून फाइल बंद होते हे आम्हाला कोणी सांगितलं. मागच्या वर्षीच्या त्या मुलाच्या छातीत क्षयाचा डाग होता, डोक्यात नव्हे. औषध घेऊन तो बरा झाला, त्यांची फाइलही सुरू झाली.

मला ते खरं वाटलं. पण हाजी यासीनना विचारलं तर ते म्हणाले, "तिला काय जातं बोलायला? तिला कुठे जायचंय?" तेही मला खरं वाटलं. लाला, मी शाळेत मुलींना गणित शिकवत होते. दोन उत्तरं आली तर त्यांतलं एक चूक असतं, असं सांगायचे. आता ठरवता येत नाही.

मोहिरा जाताना इस्पितळातला तिचा पत्ता देऊन गेली. मी तो पिठाच्या डब्यामागे ठेवला.

तमीमचं सांगते. तो आता म्हणतो की बोबो नाही. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा मला वाटलं की स्वप्न पडलं. मग रोज म्हणायला लागला. "आपा, बोबो गेली. तुम्ही सगळे लपवता." मी तुमचं पत्र वाचून दाखवलं, गरम दुधाचं. तो म्हणाला, "बोबो दूध द्या कधी म्हणाली? तिला दुधाचा वास सहन होत नाही." मी म्हटलं, स्वतःसाठी नाही, तुझ्यासाठी म्हणाली. परवा जेवताना परत तेच. मी ताट बाजूला केलं आणि त्याच्यावर ओरडले. जिवंत आईची मौत तोंडातून काढतोस, लाज नाही वाटत, म्हटलं. तो उठून गेला. रात्री जेवला नाही. तेव्हापासून कमीच जेवतो. हमालीलाही जात नाही.

मला भीती वाटते ती याची, की हे आता हळवेपणाच्या पुढे गेलं आहे.

एक करा. बोबोच्या हातचं काहीतरी पाठवा. तिचे हात तो ओळखतो. एकदा हातात पडलं की त्याचा हा भ्रम जाईल.

खातिरा


कुंदूज, २२ अकरब

खातिरा जान,

सोबत सुक्या तुती पाठवतो. बोबोच्याच पिशवीत, ती हिरव्या काठाची, तमीम ओळखेल. झाडाला यंदा खूप आल्या होत्या. बोबोने अंगणात चादर टाकून वाळवल्या. तिच्याच हातच्या आहेत.

ती म्हणाली, माझ्या पोराला सांग की आई वाट बघते, जेव, झोप, कॅनडाला जा आणि तिथून मला फोटो पाठव.

दुधाचं मीच लिहिलं होतं, तिने सूप म्हटलं होतं. पत्र घाईत लिहिलं. एवढ्याशा गोष्टीवरून त्याने रान उठवलं तर कसं व्हायचं?

त्याला ओरडू नकोस. तूही थकली असशील. फाइलचं काय ते कळव. आम्ही सगळे बरे आहोत. परवीनचा सलाम.

तुझ्या त्या मोहिराबद्दल काय सांगू, मी तिला पाहिलेलं नाही. हाजींनाही पाहिलेलं नाही. तू पाहिलं आहेस. तुला जे वाटेल ते कर, मी काही म्हणणार नाही.

नूर आगा


वहदत, २७ नोव्हेंबर

लाला,

तुती मिळाल्या. काल बर्फ पडलं. बोलानी दुकानात नेता आल्या नाहीत, शेजारी वाटल्या. आज ऊन आहे.

पिशवी पाहून तमीमचा चेहरा उजळला. त्याने ती नाकाशी धरली. मग मांडीवर ताट घेऊन तुती ओतल्या आणि एक उचलली. ती हातात धरून बराच वेळ बघत बसला. म्हणाला, "आपा, हिला देठ आहे."

मी पाहिलं. सगळ्यांना देठ होते. तुम्हाला आठवतं ना, बोबो तिळभरही देठ राहू द्यायची नाही. आपण मुलं देठासकट खायचो तर हातावर मारायची. पोटात झाड उगवेल म्हणायची. मी त्याला म्हटलं, तिचे डोळे आता मंद झाले, वय झालं. तो म्हणाला, "डोळे नाही लागत. ती चुलीशी बसून, गप्पा मारत, न बघता देठ काढायची." मी म्हटलं, मग यंदा कंटाळली असेल. त्याने तुती परत पिशवीत भरल्या आणि पिशवी फळीवर ठेवली. एकही खाल्ली नाही.

मी पिठाच्या डब्यामागून मोहिराचा पत्ता काढला. त्याला म्हटलं, बुधवारी शहरात जाऊ. तो हो म्हणाला नाही, नको म्हणाला नाही.

पण लाला, त्यानंतर तो बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने स्वतः चहा केला. बोबोचं नाव पुन्हा काढलं नाही. रात्री बूट काढून झोपला. खरंच सांगते, इथे आल्यापासून पहिल्यांदा. बूट दाराशी ठेवले, पाहुण्यांचे ठेवतात तसे, टोकं बाहेरच्या बाजूला करून. शेजारच्या बीबी शीरिनचं छप्पर गळत होतं ते दुरुस्त करून आला. तिने विचारलं, लग्न कधी करतोस? तो म्हणाला, तुमची मुलगी मला बघून पळाली तेव्हापासून मन उडालं. ती अजून हसते आहे.

मुलाखतीची तारीखही आली, फेब्रुवारीतली. हाजी यासीन मिठाई घेऊन आले. मला म्हणाले, "बघितलंस? थोडं सबुरीने घेतलं की सगळं जागेवर येतं." मुलाखत इतकी जवळ आली असताना इस्पितळात नाव लावून घ्यायला माझं मन धजलं नाही. बुधवारी गेलो नाही.

तुमच्या तुतींनीच काम केलं असं म्हणते. त्याने वर काहीही म्हटलं तरी आतून त्याला पटलं असावं. बोबोचे हात धरून माझा सलाम सांगा.

खातिरा


वहदत, १९ डिसेंबर

लाला,

तमीम गेला. गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी तो नदीवर गेला. काठावर बर्फ होतं, पाय घसरला. बुधवारी खाली पुलाजवळ सापडला.

हाजी यासीननी नमाज़ पढवली. गल्लीतले सगळे आले होते, ताजिक शेजारीही. डोंगराच्या पायथ्याशी दफन केलं. जागा उंचावर आहे, पाणी येत नाही.

तुम्हाला फोन केला नाही. घरात कोण ऐकत असेल माहीत नव्हतं. बोबोला सांगू नका. म्हणा की तो कॅनडाला गेला आणि तिथे फोन महाग आहे.

मी बरी आहे.

खातिरा


कुंदूज, १६ जदी

खातिरा जान,

खलीफा दौलतने पत्र हातात दिलं तेव्हा तो माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. त्याला तिकडेच कळलं होतं. मी वाचलं आणि दुकान बंद केलं. परवीनला काही सांगायची गरज पडली नाही.

मी बोबोला सांगू शकत नाही, कारण बोबो नाही. ती सुंबुलामध्येच गेली, तुझं पहिलं पत्र येण्याच्या महिनाभर आधी. अंगणात तांदूळ निवडत बसली होती. परवीन आत पाणी आणायला गेली. बाहेर आली तर बोबो सुपावर ओणवी झाली होती. काही त्रास झाला नाही.

परदेशात असलेल्याला मौतीची बातमी देत नाहीत, हे तुला माहीत आहे. त्याला मातीला येता येत नाही, खांदा देता येत नाही, एकटा कुठे डोकं टेकणार. मी इराणमध्ये मजुरीला होतो तेव्हा अब्बा गेले. बोबोने मला वर्षभर कळू दिलं नाही. मी परत आलो, सगळ्यांसाठी कपडे आणले होते, अब्बांसाठी कोट. दारातच विचारलं, अब्बा कुठे आहेत, माप बघू दे. तेव्हा मी बोबोशी महिनाभर बोललो नाही. आणि वेळ आली तेव्हा मी तेच केलं. मला दुसरं काही येतच नव्हतं. तू तमीमच्या बुटांचं लिहिलंस तेव्हा तर वाटलं, आता मुळीच सांगायचं नाही.

यंदा बोबोला उन्हात बसवेना, म्हणून तुती परवीनने वाळवल्या. झाड तेच, चादर तीच, पिशवी बोबोची. देठांचं आमच्या ध्यानातच आलं नाही. परवीनच्या माहेरी काढत नाहीत. ती आता रोज मला विचारते की तिच्यामुळे झालं का. मी नाही म्हणतो.

मला दोन गोष्टी सांग. तो बोबोचं बोलायचा तेव्हा तू त्याला वेडा ठरवलंस का? मी तुला दोष देत नाही, मीच तुला तसं ठरवायला लावलं. दुसरं, त्याचा पाय घसरला हे खरं आहे का? तमीम नदीकाठीच वाढला. जे असेल ते लिही. आता ज्याच्यापासून लपवायचं असं कोणी उरलं नाही.

नूर आगा


वहदत, २२ जानेवारी

लाला,

आज सकाळी बर्फ झाडलं. बोलानी दुकानात पोचवल्या. नंतर कबरीवर जाऊन आले. वाट निसरडी होती म्हणून हळू गेले. दुपारपासून घरीच आहे.

बोबोची बातमी मी बसून वाचली. मग उठून चहा केला. रडायला दोघांचं एकत्र आलं, त्यामुळे कोणासाठी किती हे मला कळलं नाही.

तुम्ही विचारलं त्याचं उत्तर देते. हो, मी त्याला वेडा ठरवलं. तो बरोबर होता आणि मी त्याच्यावर ओरडले. आता हे त्याला सांगता येणार नाही. पण तुम्ही एकट्याने ओझं घेऊ नका. मोहिराने मला सांगितलं ते तुम्हालाही सांगते. मी तिच्याकडे गेले होते, चाळिसाव्या दिवसाच्या आधीच. मी विचारलं, तुतींमुळे झालं का, पत्रांमुळे झालं का, माझ्या ओरडण्यामुळे झालं का? ती म्हणाली, "आपा, एक कारण शोधू नका. सापडलं की ते कोणाच्या तरी गळ्यात बांधाल. तो फार दिवस आजारी होता. त्या आजाराला औषध असतं." परवीनलाही हे वाचून दाखवा. वहिनीला म्हणा, तुती चांगल्या वाळल्या होत्या.

दुसरं. पाय घसरला नाही. त्या सोमवारी मी उठले तेव्हा त्याचे बूट दाराशी होते. धुतलेले. बूट घरात आहेत म्हणजे तो इथेच कुठेतरी, अंगणात किंवा बीबी शीरिनकडे असेल, असं मी समजले. पीठ मळलं. बोलानी भाजल्या. खूप वेळाने बाहेर पाहिलं. बर्फावर पावलं नदीकडे गेली होती. परत येणारी नव्हती. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

तो शांत झाला तेव्हा मी तुम्हाला आनंदाने लिहिलं होतं. मोहिरा म्हणाली की असा अचानक आलेला शांतपणा बघितला की ती सगळं काम टाकून धावते. तिला हे शिकवलेलं आहे. मला कोणी शिकवलं नव्हतं. गल्लीत कोणालाच माहीत नव्हतं, आणि जिला माहीत होतं तिला आम्ही सगळ्यांनी मिळून सांगितलं होतं की इथे कोणी आजारी नाही.

पाय घसरला हे हाजी यासीनच म्हणाले. नदीवरून आणलं तेव्हा लोक एकमेकांकडे बघत होते. स्वतःहून गेलेल्याची नमाज़ पढावी की नाही, अशी कुजबुज सुरू झाली होती. हाजी पुढे आले आणि मोठ्याने म्हणाले, "काठावर बर्फ आहे. पोराचा पाय घसरला. ओळी करा." सगळ्यांनी ओळी केल्या. मी त्यांची ऋणी आहे. आणि ज्या तोंडाने त्यांनी सगळ्याला नाही म्हणायला सांगितलं तेच हे तोंड, हेही मला त्याच वेळी आठवलं. दोन्ही अजून मनात आहेत. त्यातलं एक काढून टाकता येत नाही.

चाळिसाव्यानंतर ते एकटे आले. दारातच उभे राहिले. म्हणाले, "मुली, मी सांगितलं म्हणून तुम्ही बोलला नाहीत." मी आत या म्हटलं. ते बसले, चहा घेतला नाही. मग म्हणाले की ते स्वतः वर्षभर बाजारातल्या गोळ्या घेऊन झोपतात आणि त्यांच्या बायकोलाही ते माहीत नाही. मी मोहिराचा पत्ता त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि टोपीत ठेवला. गेले की नाही माहीत नाही.

मोहिराला मी सगळं सांगितलं, मागचे सगळे प्रश्न पुन्हा विचारायला लावले आणि खरी उत्तरं दिली. ती लिहीत होती आणि मधेच थांबली. तिला नवी खोली मिळणार नाही, निदान यंदा तरी. मी म्हटलं, माझी घ्या. बुधवारी तिची इस्पितळातली पाळी संपली की ती बसने इकडे येते. पहिल्या बुधवारी कोणीच आलं नाही. आम्ही दोघी भाजी निवडत बसलो. दुसऱ्या बुधवारी बीबी शीरिन चाळणी मागायला आली. चाळणी घेऊनही उठेना. मग म्हणाली की तिला गॅसचा वास येतो. घरात गॅस नाही, तरी येतो, काबुल सोडलं तेव्हापासून. मोहिराने चाळणी तिच्या हातातून काढून बाजूला ठेवली. काल आणखी दोघी आल्या.

मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. फाइलीवर आता एकच नाव. भाऊ कसा गेला असं ते विचारतील. मी सांगेन ते खरं असेल. फाइल अडली तर अडू दे.

बोबोच्या कबरीवर माझ्या वतीने माती टाका आणि तमीमच्या वतीनेही. तिला ऐकू येत असेल तर सांगा की धाकट्याला फसवता आलं नाही.

तुमच्या तुतींची पिशवी अजून फळीवर होती. आज ती खाली काढली. उंदरांनी हात लावलेला नाही. गालिच्यावर ताट ठेवून त्यात ओतल्या. पत्र इथेच थांबवते, कारण हात मोकळे हवेत. ऊन आहे तोवर देठ काढायला बसते.

खातिरा